थांबा, एस्कॉर्ट येतोय

माझं शेवटचं फील्ड पोस्टिंग आफ्रिकेतल्या एका राजधानीत झालं. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली बरीच माणसं अजून तिथेच राहतात. शांतिसेनेत आपली एक बटालियन होती आणि तिच्याबरोबर वीस खाटांचं फील्ड हॉस्पिटल. मी तिथली नर्सिंग ऑफिसर, लेफ्टनंट कर्नल, वय चौपन्न. हॉस्पिटल म्हणजे विमानतळाच्या कुंपणाला लागून सहा तंबू आणि चार कंटेनर. ०६०० ला सिक परेड, ०७०० ला मलेरियाच्या स्लाइड्स, ०८०० ला ड्रेसिंग. दुपारी ऊन असं, की थर्मामीटर नुसता टेबलावर ठेवला तरी त्यालाच ताप भरायचा.

आता मी कोबेत लेकीकडे असते. माधवी इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करते. इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले ते एका वाक्यामुळे. इथल्या एका मदतसंस्थेच्या स्मरणपुस्तिकेत ते छापलेलं होतं. माधवीने मला स्वयंपाकघरात वाचून दाखवलं: 'सुरक्षित स्थळी जाण्याची सूचना देऊनही नर्स हानाए तानिगुची यांनी केंद्र सोडलं नाही.' माझ्या हातातला झारा मी ओट्यावर आपटला. हे वाक्य खोटं आहे. हानाएला सूचना मिळाली होती ती थांबण्याची. आणि ती दिली होती मी, माझ्या तोंडाने, रेडिओवर, तीन वेळा.

आता क्रमाने सांगते.

हानाए कोबेची, चौतीस वर्षांची. आमच्या बेसपासून अडीच किलोमीटरवर बाजाराजवळ तिच्या संस्थेचं बाळंतिणींचं केंद्र होतं. तिच्याकडे वीज टिकत नसे, म्हणून लशी आमच्या फ्रिजमध्ये. त्या न्यायला ती मंगळवारी आणि शुक्रवारी ०९०० ला गेटवर हजर. ०८५९ नाही, ०९०१ नाही. आमचा ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर लान्स नायक दिगंबर पाटोळे, बार्शीकडचा, म्हणायचा, "मॅडम, मी घड्याळाला सेल घालणं सोडलंय. मंगळवारी बाई आल्या की वाजले नऊ." त्याने तिला 'चला, चला, उशीर झाला' एवढं मराठी शिकवलं होतं. ती तेच त्याच्यावर उलटवायची. मला ती कर्नल-सान म्हणे.

२०११च्या त्सुनामीनंतर ती उत्तरेकडच्या किनाऱ्यावर एका शाळेच्या जिममध्ये तीन महिने नर्स म्हणून राहिली होती. एकदा चहा पिताना सांगत होती, "पहिले दिवस फार वाईट. मग सैनिक आले. ते म्हणाले दुपारी दोनला आंघोळीचं गरम पाणी, तर दोनला गरम पाणी. म्हाताऱ्या बायका रडल्या. कर्नल-सान, तेव्हापासून मला युनिफॉर्म दिसला की झोप लागते."

मला केवढा अभिमान वाटला होता ते ऐकून! जणू तो आंघोळीचा तंबू मीच उभारला होता.

रविवारी १८३० ला शहराच्या उत्तरेकडच्या बराकीत गोळीबार सुरू झाला. तिथल्या सैन्याचेच दोन तुकडे झाले होते. सोमवारी दुपारपर्यंत आमच्या गेटवर गाद्या, कोंबड्या, शिवणयंत्रं घेऊन हजारभर माणसं येऊन बसली. १७०० ला ब्रीफिंग झालं. आमचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, कर्नलसाहेब कमी बोलणारे. त्यांनी मिशनच्या मुख्यालयाची ऑर्डर वाचली. शेजारच्या देशातून एक बटालियन विमानाने येते आहे, उद्या सकाळी. आपली एकच कंपनी राजधानीत आहे, बाकीच्या तीन लांब जिल्ह्यांत. ही कंपनी बेस आणि रनवे सोडणार नाही. बाहेरच्या सर्व पोस्टनी जागेवर थांबावं. नवी बटालियन उतरली की बाहेरच्यांना आणायला सशस्त्र एस्कॉर्ट सुटेल, ११०० पासून. तोपर्यंत कुणीही स्वतःहून हालचाल करू नये.

शहरालाही हे कळलं होतं, कारण सरकारी रेडिओ तासातासाला तेच सांगत होता. मंगळवारी पहाटेपासून माणसं छपरांवर चढली. पोरं आंब्याच्या झाडावर. बाजाराकडून विमानतळाकडे येणारा रस्ता बायकांनी झाडून काढला, हो, झाडूने, पाहुणे यायचे असावेत तसा. एका शिंप्याने चादरीवर 'वेलकम' लिहून ती दोन खांबांना बांधली. सगळ्यांची तोंडं वर. मी इतकी माणसं इतकी गप्प कधी पाहिली नाहीत.

०६१५ ला माझा सेट वाजला. सिग्नलचा हवालदार मुरुगन माझ्या तंबूतच बसवला होता. हानाएच्या केंद्राचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, लोटस.

"हॉस्पिटल, लोटस. माझ्याकडे अठरा बायका. अकरा चालू शकतात, सात नाही. दोघींचं सिझेरियन परवाचं आहे. रस्ता आत्ता शांत आहे. आम्ही निघू का? ओव्हर."

मी ऑर्डरचा कागद हातात धरूनच बोलले. "लोटस, नाही. जागेवर थांबा. एस्कॉर्ट ११०० ला येतोय. ओव्हर."

"११००. रॉजर. आउट."

पाटोळे तंबूच्या दाराशी उभा होता. त्याने ऐकलं.

"मॅडम, आठ मिनिटं जायला, आठ यायला. दोन फेऱ्यांत सातही जणी इथे. रस्त्यावर कुत्रं नाही. मी बघून आलोय."

"ऑर्डर नाहीये, पाटोळे."

"सीओ साहेबांना विचारा की."

विचारलं. साहेबांनी मुख्यालयाला विचारलं. ते मुख्यालय कुठे? त्याच विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला, एसी कंटेनरमध्ये. तिथून उत्तर आलं: 'नोटेड. स्टे पुट.' साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंत ना?" ऐकलं. पस्तीस वर्षं तेच करत आले होते. पाटोळेने ॲम्ब्युलन्सचं नाक गेटकडे वळवून ठेवलं आणि टायरपाशी बसून राहिला.

हानाएबरोबर रोझ नावाची तिथली एक सुईण होती, पन्नाशीची, अंगाने दणकट. ०८४० ला ती आमच्या गेटवर आली, मागे त्या अकरा बायका आणि पोरं. नदीकाठच्या पायवाटेने चालत आली होती. मी तिलाच रागावले! "तुम्हाला थांबायला सांगितलं होतं ना?"

तिने आधी बायकांना सावलीत बसवलं, मग माझ्यापुढे उभी राहिली. "तुमची विमानं येतील तेव्हा येतील, सिस्टर. माझे पाय माझ्याजवळ आहेत. मी हानाएला म्हटलं, सातजणींना हातगाडीवर घालू. ती म्हणते, नको, कर्नल-सानने अकराची वेळ सांगितलीय." आणि तिने मला विचारलं, "अकराला नक्की येणार?"

"नक्की," मी म्हणाले.

बघा हं. तिथल्या कुणाचाही त्या वेळेवर विश्वास नव्हता. ते शहर आयुष्यभर वाट पाहत आलेलं. वाट पाहतानाही त्यांचा एक पाय दाराबाहेर असायचा. विश्वास ठेवणाऱ्या आम्ही दोघीच. एक अशा गावची, जिथे गाडी १४०७ची म्हणजे १४०७ची. आणि एक मी, जिला फौजेने ईटीए, म्हणजे पोचायची वेळ, हा मंत्र म्हणून दिला होता. दुसरी कुणी असती तर केव्हाच पळाली असती.

१०५० ला मुख्यालयाचा मेसेज: एस्कॉर्ट १३००. मी तो पुढे दिला. "१३००. रॉजर." १२५५ ला मेसेज: एस्कॉर्ट १५३०. मी तोही दिला. ती म्हणाली, "कर्नल-सान, मी सगळ्यांना क्रम लावून बसवलंय. आधी कोण, मग कोण. गाडी दोन मिनिटंच थांबली तरी चालेल." माझी गाडी जास्त वेळ खोळंबू नये म्हणून तिची धडपड. मी म्हणाले, "गुड."

छपरांवरची माणसं दोननंतर उतरायला लागली. नुसती उतरली, आणि सामान उचलून नदीकडे चालू लागली.

१५१२ ला बाजारात मशीनगन सुरू झाली. १५२० ला सेट वाजला.

"हॉस्पिटल, लोटस. फायरिंग आमच्या गल्लीत आहे. एस्कॉर्ट किती वाजता? ओव्हर."

कागदावर १५३० होतं. रनवे रिकामा होता. मुरुगनने माझ्याकडे पाहिलं.

"लोटस, मला माहीत नाही. ओव्हर."

दिवसभरात मी तिला सांगितलेलं ते पहिलं खरं वाक्य.

"रॉजर. आम्ही तयार आहोत. आउट."

नंतर त्या सेटवर नुसती खरखर.

कर्नलसाहेबांनी १५२४ ला मुख्यालयाला न विचारता ॲम्ब्युलन्स सोडली, दोन जवान सोबत देऊन. पाटोळे माझ्यासमोरून गेला. खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, "आलोच मॅडम." १५३३ ला बाजाराच्या चौकात समोरून गोळ्या आल्या. पाटोळेला मानेत लागली. खांद्यात गोळी घेऊन एका जवानाने त्याला बाजूला सारलं आणि रिव्हर्समध्ये अर्धा किलोमीटर गाडी मागे आणली. मी आणि डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं. १५५१ ला त्याला मृत घोषित केलं. वय एकतीस.

विमान १७१० ला उतरलं. मी रक्ताच्या एप्रनमध्येच कुंपणापाशी गेले. मागचा रॅम्प उघडला. आतून काय निघालं सांगू? चार स्टाफ ऑफिसर. त्यांची जीप. फायलींच्या पेट्या. ऑफिसचा तंबू. आणि घडीच्या खुर्च्या, पॅकिंगसकट. सैनिक दुसऱ्या विमानात, ते उद्या. आधी हेडक्वार्टर बसवायचं, मग फौज आणायची, असा म्हणे त्यांचा नियम. आणि सकाळचं विमान दुपारी का? हद्दीवरून उडायच्या परवानगीच्या कागदावर एक सही राहिली होती, आणि सही करणारे साहेब जेवायला गेले होते. हे मला त्या चारांतल्याच एकाने सहज सांगितलं, हवापाण्यासारखं. वर विचारलं, "मॅडम, चहा कुठे मिळेल?" मी पाठ फिरवून तंबूत परतले. उत्तर द्यायला हवं होतं.

बुधवारी फौज आली. ०७३० ला एस्कॉर्ट सुटला, मी बरोबर गेले. केंद्राचं दार तुटलेलं होतं. आत भिंतीला लागून बाकं. बायका बाकांवर आणि बाकांखाली. प्रत्येकीच्या मनगटाला सर्जिकल टेप, त्यावर आकडा, एकपासून सातपर्यंत. सगळ्यांच्या पायांत चपला, बाळांच्या दुपट्यांना गाठी मारलेल्या. निघायची पूर्ण तयारी. दोघी जिवंत होत्या, आणि तीन बाळं. हानाए दारात होती. तिच्या मनगटावर आठ होता.

त्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये मुख्यालयाने लिहिलं की सर्व बाह्य केंद्रांना वेळेत सावध केलं होतं. मी सीओंच्या सहीने लेखी हरकत पाठवली. उत्तर आलं: 'नोटेड.' पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. पण माझी वॉर्डची डायरी मी ठेवली. त्यात मुरुगनच्या लॉगवरून उतरवलेल्या सगळ्या वेळा आहेत, त्याच्या सहीसकट.

तर ती पुस्तिका. माधवीने शोधून काढलं की संस्थेची वार्षिक स्मरणसभा कोबेतच आहे, स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये, शनिवारी १४०० ला.

"मी जाणार. तू दुभाषी," मी म्हणाले.

"आई, तिथे शांतपणे बसायचं असतं गं. फुलं वाहायची आणि घरी यायचं."

"मी फुलंपण वाहीन."

साठ-सत्तर माणसं होती. काळे कपडे, चहाच्या बाटल्या, छातीवर नावाच्या चिठ्ठ्या. अध्यक्ष म्हणून एक सभ्य, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. त्यांनी पुस्तिकेतलं तेच वाक्य मोठ्याने वाचलं. मी उभी राहिले. माधवीने माझी बाही ओढली.

"सांग त्यांना, हे खोटं आहे."

माधवी बोलली. पुष्कळ बोलली. मी साठीनंतर कचऱ्याच्या वेळापत्रकावरून जपानी शिकलेली बाई, पण तीन शब्दांना एवढा वेळ लागत नाही हे मलाही कळतं.

"काय सांगितलंस?"

"की... कदाचित थोडा गैरसमज असू शकेल."

"गैरसमज नाही. खोटं. तू सांगतेस का मी सांगू?"

माधवीचा चेहरा लाल झाला. मग तिने तो एकच शब्द उच्चारला आणि हॉलमध्ये बाटल्यांची टोपणं वाजायची थांबली. मी डायरी उघडली. ०६१५, १०५०, १२५५, १५२०. एकेक वेळ वाचली, प्रत्येक वेळी मी काय बोलले ते सांगितलं, माधवीने या खेपेला काही मऊ केलं नाही. शेवटी म्हणाले, "तिने सूचना पाळली. शेवटच्या मिनिटापर्यंत पाळली. चूक सूचनेची होती, आणि ती पुढे देणाऱ्या माझी."

अध्यक्ष वाकले. म्हणाले, आपलं म्हणणं अतिशय मोलाचं आहे, समितीसमोर ठेवून विचार करू. माधवीने भाषांतर केलं. मला गरज नव्हती. 'नोटेड' कुठल्याही भाषेत ओळखू येतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक लहानखुरी म्हातारी उठली. ऐंशीच्या आसपास, हातात रुमालात बांधलेली मिठाईची पेटी. हानाएची आई. कोबेत त्यांचं लाँड्रीचं दुकान आहे. मला वाटलं, ही आता मला काहीतरी सुनावणार, आणि सुनावावंच. ती माझ्यासमोर आली आणि कमरेतून वाकली, कपाळ गुडघ्यापर्यंत. वर येईचना.

"काय म्हणताहेत?" मी माधवीला विचारलं.

माधवी पुढे सरकून माझ्या कानाशी बोलली. "म्हणताहेत, माझ्या मुलीमुळे तुमचा ड्रायव्हर गेला. तुमच्या सैन्याला फार त्रास झाला. माफ करा. म्हणताहेत, दर वर्षी इथे येऊन संस्थेची माफी मागतात, मिठाई देतात. तुमच्या ड्रायव्हरच्या घरचा पत्ता मागत होत्या, कुणी दिला नाही."

इतकी वर्षं! पोरगी गेली, आणि ही बाई दर वर्षी पेटी घेऊन येऊन वाकत होती. आणि समोरचे ती पेटी घेत होते. मला मुख्यालयाचा राग आहे, त्या जेवायला गेलेल्या साहेबाचा आहे, माझा स्वतःचा आहे. पण त्या क्षणासारखा राग मला जन्मात आला नाही. मी तिचे दोन्ही दंड धरले आणि तिला सरळ उभं केलं. इथे असं कुणी कुणाला हात लावत नाही. मी लावला.

"माफी मी मागायची," मी म्हणाले. "पाटोळे तुमच्या मुलीमुळे नाही गेला. सकाळी साडेसहाला तो तयार होता. त्याला आम्ही बसवून ठेवलं. तुमच्या मुलीलाही आम्हीच बसवून ठेवलं."

तिने डायरी मागितली. माझ्या इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं, आकड्यांवर थांबत. मग हळू आवाजात बोलली. "कोबेच्या भूकंपात आमच्या गल्लीत पहिल्या दिवशी कुणी पोचलं नव्हतं. हानाए शाळकरी पोर होती. शेजाऱ्यांनी गाडीच्या जॅकने तुळई उचलून तिला बाहेर काढलं. मी तिला निघताना म्हटलं होतं, कुणाची वाट बघू नकोस. ती म्हणाली, आता तसं राहिलं नाही, आता सैनिक येतात." आणि मला विचारलं, "मला वाटत होतं, तिने हट्ट केला. हट्ट नव्हता?"

"नव्हता. विश्वास होता."

तिने पेटी खुर्चीवर ठेवली. पुस्तिका उचलली, ते पान उघडलं आणि अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली. ताठ. ते वाकले, ती वाकली नाही. खिशातून दुकानातलं बॉलपेन काढून तिने त्यांच्यापुढे धरलं.

अध्यक्ष पुढच्या आवृत्तीबद्दल, समितीबद्दल काहीतरी सांगू लागले.

"इमा," ती म्हणाली. आत्ता.

सगळा हॉल बघत होता. अध्यक्षांनी पेन घेतलं, छापलेल्या ओळीवर रेघ मारली आणि ती सांगेल तसं बाजूला लिहिलं. माधवीने मला वाचून दाखवलं. दुसऱ्या वर्षीच्या पुस्तिकेत ते छापूनही आलं. मी तपासलं. मी आता सगळं तपासते.

दर वर्षी त्या तारखेला आम्ही तिघी, हानाएची आई, माधवी आणि मी, डोंगरावरच्या दफनभूमीत जातो. हानाएच्या दगडावर पाणी घालतो, पुसतो. मग मी परेडच्या आवाजात नावं घेते. आजूबाजूची माणसं वळून बघतात. माधवी म्हणते, "आई, हळू." मी हळू घेत नाही.

लान्स नायक दिगंबर पाटोळे. ऑर्डर मिळताच निघाला.

मेरी. एस्थर. ग्रेस. दुसरी ग्रेस. ज्युडिथ. सांगितलं तिथे बसून होत्या.

नर्स हानाए तानिगुची. सूचना पाळली.